दिवाळीनंतर लाकूड, पावसात माड: गोव्यातल्या घरात मॉडेल रेल्वे

गोव्यात मॉडेल रेल्वे उभी करायची तर इंजिन निवडण्याआधी महिना निवडावा लागतो. इथे लेआउटचा, म्हणजे प्लायच्या पाट्यावर मांडलेल्या रूळ-गाड्या-देखाव्याचा, खरा शत्रू दमट हवा आहे. जून ते सप्टेंबर प्लाय फुगतं, पुठ्ठ्याची घरं वाकडी होतात, फेव्हिकॉल वाळता वाळत नाही, स्प्रे मारलेलं वॉर्निश पांढुरकं पडतं. या छंदावरचं बहुतेक लिखाण थंड देशांतल्या तळघरांसाठी केलेलं असतं. ते वाचून जुलैत सुतार बोलावला तर जानेवारीत, हवा कोरडी झाली की, पाट्याला चिरा दिसतात आणि रूळ वर उचललेले दिसतात.

म्हणून सगळी कामं ऋतूला धरून लावा. लाकूडकाम दिवाळी उरकल्यावर. रूळ आणि वायरिंग डिसेंबर-जानेवारीत. डोंगर, माती, पाणी आणि स्प्रेचं जे काही असेल ते मार्चअखेरपर्यंत. पावसाळ्यात टेबलावर बसून घरं आणि झाडं करायची. पुढे सगळं याच क्रमाने सांगितलं आहे.

आधी जागा ठरवा, आणि एकच ठरवा

नवख्या माणसाला सगळा गोवा एका पाट्यावर हवा असतो: झुआरीचा पूल, रुळांसाठी जांभा तासून केलेली कटिंग, चर्च, खाऱ्या पाण्याकाठची खाजन शेतं आणि अर्थातच दूधसागर. दूधसागर पहिल्या लेआउटमध्ये नको. धबधबा ३१० मीटर उंच आहे. १:१६० या प्रमाणात तो जवळपास १.९४ मीटरचा होतो, १:८७ मध्ये साडेतीन मीटरच्याही वर, म्हणजे फ्लॅटचं छत फोडून वरच्या शेजाऱ्याच्या हॉलमध्ये. छोटा केला की तो दूधसागर राहत नाही, कुठलाही एक ओहोळ होतो.

माझं मत दूधसागरच्या खालच्या कुळे स्टेशनाच्या बाजूने आहे. मुरगावहून निघालेला हा मार्ग १८८० च्या दशकात पोर्तुगीज-ब्रिटिश कराराच्या जोरावर बांधला गेला, शंभरेक वर्षं मीटरगेज होता, १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत साधारण २६ किलोमीटर ब्रागांझा घाट आहे, चढ १:३७. एवढ्या चढाला गाडीला मागून जोर द्यायला कुळ्यात बँकर इंजिनं लावतात. मॉडेलवाल्याला आणखी काय हवं? स्टेशन लहान, मागे लगेच जंगल, गाडी थांबायला सबळ कारण आणि इंजिनं जोडा-सोडायचं काम. नुसती गोल गोल फिरणारी गाडी दोन आठवड्यांत कंटाळा आणते, बँकर लावायचा म्हटलं की रोज संध्याकाळी काहीतरी करायला उरतं.

गंमत म्हणजे १:३७ म्हणजे २.७ टक्के, आणि मॉडेल रेल्वेत चढ दोन-तीन टक्क्यांपलीकडे नेऊ नये असा संकेत आहे. म्हणजे हा घाट खऱ्या चढानेच बांधता येतो. कोकण रेल्वेचं नेमकं उलट. तिची वळणं किमान १२५० मीटर त्रिज्येची, १:८७ मध्येसुद्धा १४ मीटर. घरात ती कुठेच मावणार नाही, काहीही केलं तरी वळण ‘कोकण रेल्वेचं’ दिसणार नाही. शिवाय २०२२ पासून तो मार्ग पूर्ण विद्युतीकृत झाला. आजचा काळ दाखवायचा तर खांब आणि तारा आल्या, आणि रूळ पुसताना हात त्या तारांतच अडकणार. पहिला लेआउट डिझेलच्या काळातला करा.

निरीक्षणासाठी कुळ्याला जरूर जा, पण फलाटावरून आणि गाडीच्या खिडकीतून बघा. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि घाटात तो जिवावरचा खेळही आहे.

प्रमाण आणि पाटा

बाजारात मुख्यतः दोन प्रमाणं मिळतात. एचओ म्हणजे १:८७, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिलिमीटर. दोन्हींचे रूळ परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजप्रमाणे असतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने एचओत १९.३ आणि एनमध्ये १०.५ हवं. हा फरक डोळ्याआड करा. तो सुधारायला निघालेला माणूस रूळ स्वतः घडवत बसतो आणि गाडी कधी धावत नाही.

एलएचबी, म्हणजे हल्लीच्या प्रवासी गाड्यांच्या, डब्याची लांबी सुमारे २३.५ मीटर. एचओत तो २७ सेंटिमीटर, एनमध्ये १४.७. बघायला बरं वाटावं तर वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या निदान अडीच पट असावी. एचओत ती ६७ सेंटिमीटर होते, आणि ८ बाय ४ फुटांच्या अख्ख्या प्लायवरसुद्धा तेवढं वळण बसत नाही. मडगाव-फोंड्याच्या फ्लॅटमध्ये एन घ्या. जुनं मोठं घर असेल आणि एखादी खोली रिकामी असेल तर एचओचा विचार करा.

एनसाठी ६ बाय ३ फुटांचा पाटा (१८३ बाय ९१ सेंटिमीटर) पुरतो. त्यावर ३४.८ सेंटिमीटर त्रिज्येची वळणं बसतात आणि दोन्ही कडांना दहा-दहा सेंटिमीटर उरतात. पुढची लांब बाजू म्हणजे कुळे स्टेशन, तीन रूळ, सपाट. उजवीकडून चढ सुरू करा, डोंगरात बोगदा, मागची बाजू डोंगराखाली लपलेली, डावीकडून उतार. चढ फक्त अडीच सेंटिमीटरचा ठेवा. १:३७ ने त्याला ९३ सेंटिमीटर लागतात, आणि चढाच्या सुरुवातीला व शेवटी हळूहळू वळवायला थोडी जागा. डोळ्याला एवढाही चढ पुरतो, कारण खरा चढही असाच फसवा दिसतो. डोंगराची मागची बाजू उघडी ठेवा. आत गाडी घसरली तर हात पोचला पाहिजे.

गाडीही लहान ठेवा. एक इंजिन, चार डबे, मागे बँकर: साधारण ८५ सेंटिमीटर. डब्यांऐवजी बॉक्सएन (वरून उघड्या मालवाहू) वॅगन घेतल्या तर तेवढ्याच जागेत आठ मावतात, कारण खरी वॅगन १०.७ मीटरची, एनमध्ये ६.७ सेंटिमीटर. कुळे-सावर्डे परिसराचा लोहखनिजाशी असलेला संबंध पाहता मालगाडीच जास्त शोभते.

लाकूडकाम

प्लाय मरीन घ्या, ज्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं ते. साधं कमर्शियल प्लाय स्वस्त पडतं, पण दोन पावसाळ्यांत त्याचे थर सुटतात. जाडी १२ मिलिमीटर, खाली रिपांची चौकट, आडव्या रिपा दर ३० ते ४० सेंटिमीटरवर. कापलेल्या कडा आणि खालची बाजू यांनाही प्रायमर किंवा वॉर्निशचे दोन हात द्या. सुतार हे टाळतो, कारण दिसत नाही. ओल नेमकी तिथूनच शिरते.

पाटा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो, ती बाजू नकोच. कौलारू घर असेल तर पाटा ठेवण्याआधी एक पावसाळा त्या जागेवर गळती होते का ते बघा. वाळवी आणि पाली यांचा विचार आधीच करा. लपलेल्या बोगद्यात पाल अंडी घालते, ही अतिशयोक्ती नाही. आणि देवघर किंवा स्वयंपाकघर असलेल्या खोलीत लेआउट नको. उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ यांचा चिकट थर रुळांवर बसतो आणि गाडी अडखळते.

रूळ

पहिल्यांदा करणाऱ्याने खाली खडीचा पाया जोडलेले तयार रूळ घ्यावेत, काटोचे युनिट्रॅक किंवा तशा जातीचे. एकमेकांत अडकतात, पुन्हा सुटतात, आणि गोव्यात हा फार मोठा गुण आहे: लाकूड हललं तरी जोड तुटत नाही. लवचीक लांब रूळ कॉर्कवर चिकटवले की दिसतात सुंदर, पण ते दुसऱ्या लेआउटसाठी राखून ठेवा. ते लावताना जोडांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडावी लागते, उन्हाळ्यात धातू वाढतो म्हणून.

रूळ निकेल सिल्व्हरचेच हवेत. लोखंडी रूळ किनाऱ्याजवळच्या घरात एका पावसात गंजतात.

काहीही चिकटवण्याआधी सगळा मार्ग नुसता जोडून निदान आठवडाभर गाडी चालवा. सावकाश, उलट, सुलट, सगळ्यांत लांब डबा लावून. घसरते ती जागा आत्ताच सापडली पाहिजे. सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागांवर, विशेष लक्ष द्या, दहातल्या नऊ घसरणी तिथेच असतात.

वीज

दोन मार्ग आहेत. साधं डीसी, १२ व्होल्टपर्यंत: रुळातला प्रवाह कमी-जास्त करायचा, म्हणजे एका वेळी एकच इंजिन नीट सांभाळता येतं. आणि डीसीसी: रुळांत सतत वीज, प्रत्येक इंजिनात डिकोडर (हुकूम ओळखणारं छोटं सर्किट), प्रत्येकाला वेगळा हुकूम. बँकर चालवायचा असेल तर डीसीसीच घ्या. दोन इंजिनं एकाच रुळावर स्वतंत्र चालवणं डीसीत जमत नाही.

पाट्याखालून लाल-काळी अशी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडी फिरवा. तिच्यापासून दर मीटरभराला ०.५ चौरस मिलिमीटरच्या बारीक तारा वर रुळांना द्या. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विजेची भिस्त ठेवू नका, दमट हवेत तिथे थर चढतो. सोल्डर करताना रोझिन फ्लक्सच वापरा. आम्लाचा फ्लक्स पत्र्याच्या कामाला ठीक, इथे तो तार खाऊन टाकतो.

डीसीसीची एक परीक्षा आहे: दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवा. जिथे कुठे ठेवाल तिथे कंट्रोलरने लगेच प्रवाह तोडला पाहिजे. एखाद्या जागी तो तुटला नाही, तर तिथे तार कमी पडते आहे. असं सोडून दिलेलं ठिकाण एखाद्या दिवशी इंजिनाचं चाक वितळवतं.

जुन्या घरांत अर्थिंग तपासून घ्या. आणि मे-जून किंवा ऑक्टोबरात गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

माती, जांभा, डोंगर

इथे खरी मजा आहे, आणि इथे पैसे फारसे लागत नाहीत.

डोंगराला थर्मोकोलचे थर पुरतात. पूर्वी चवथीची मखरं उतरल्यावर घराघरांत ते पडून असायचं; २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. चिकटवायला पाण्यात मिसळणारा पांढरा फेव्हिकॉल. सनमायका लावायचं सोल्युशन आणि स्प्रे पेंट थर्मोकोल विरघळवतात. वरून जाळी किंवा पट्टीचं कापड, त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिस.

जांभा करताना बहुतेक जण सगळीकडे एकसारखा विटकरी रंग फासतात आणि तिथेच फसतात. नुकतीच तासलेली कटिंग लाल-पिवळी असते, चार पावसाळे पाहिलेली काळपट. प्लॅस्टर अर्धवट ओलं असताना तारेच्या ब्रशने टोचून छिद्रं करा. आधी पिवळा ऑकर, मग बर्न्ट सिएना जागा सोडून सोडून, मग खूप पातळ काळा रंग वरून खाली ओघळू द्या. पायथ्याला आणि पाणी झिरपतं तिथे शेवाळी हिरवा. घाटातल्या सोनावळी स्टेशनाच्या बाजूचा गाडीतून काढलेला एक फोटो समोर ठेवला तरी हात आपोआप संयमाने चालतो.

माती अंगणातलीच वापरा. उन्हात वाळवा, मग तव्यावर भाजा. नाहीतर तिच्यातली बुरशी पावसाळ्यात तुमचं जंगल स्वतःच वाढवेल. मग चाळा: आधी पिठाच्या चाळणीने, मग चहाच्या बारीक गाळणीने. आणि त्यानंतर, हे गोव्यात अजिबात चुकवू नका, कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून पुन्हा पुन्हा फिरवा. आपल्या मातीत लोहाचे कण असतात. चुंबकाला चिकटणारा प्रत्येक कण उद्या इंजिनाच्या मोटारीलाही चिकटेल. याच कारणाने वॅगनमध्ये खरं खनिज भरू नका. फोमचा तुकडा कापून त्याला गेरू-काळा रंग द्या, दिसायला फरक कळत नाही.

खडीचा आकारही प्रमाणात हवा. खरी खडी साधारण ५ सेंटिमीटरची धरली तर एनमध्ये दगड ०.३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे बारीक रव्याहूनही बारीक. तयार रुळांवर मूळची खडी असतेच. तिच्यावर आपली चाळलेली काळसर पूड अगदी थोडी टाका, ब्रशने सारखी करा, साबणाचा थेंब घातलेलं पाणी फवारा आणि मग ड्रॉपरने फेव्हिकॉल-पाणी निम्मं निम्मं सोडा. सांध्यांच्या हलत्या भागांजवळ एक थेंबही जाता कामा नये. स्टेशनात रुळांमध्ये तेल-वंगणाचा काळा पट्टा असतो, तो विसरू नका. इंजिनं उभी राहतात तिथे तो जास्त गडद असतो.

काही लोक झुडपांसाठी चहाचा वाळवलेला चोथा किंवा माळाच्या रानासाठी खसखस सुचवतात. गोव्यात दोन्ही नको. एकाला बुरशी येते, दुसऱ्याला मुंग्या.

पाण्याचं थोडक्यात: कुळ्याजवळचा ओहोळ दाखवायचा तर पारदर्शक रेझिन तीन-चार मिलिमीटरच्या थरांत ओता, जानेवारी-फेब्रुवारीत, आदल्या थराला पूर्ण घट्ट होऊ देऊन. पडणाऱ्या पाण्यासाठी प्लॅस्टिकच्या तावावर पारदर्शक सिलिकॉनच्या रेघा ओढा, वाळल्या की सोलून लावा.

पावसाळा: घरं आणि झाडं

पुठ्ठा टाळा. सनबोर्ड किंवा प्लॅस्टिकची पातळ शीट वापरा, ती ओल धरत नाही. ब्रशने लावायचे अॅक्रेलिक रंग पावसातही चालतात, उशिरा वाळतात एवढंच.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती स्वतः प्रत्यक्ष वाचून घ्या आणि तशीच छापा. आजूबाजूला दोन-तीन घरं पुरे: कौलारू छप्पर, एका घरापुढे तुळशीवृंदावन, दुसऱ्यापुढे पांढरा खुरीस (क्रूस). एनमध्ये मीटरभर उंचीचं वृंदावन सहा मिलिमीटरचं होतं. चौकोनी काडीचा तुकडा, वर हिरव्या फोमचा कण, झालं. कौलं एकाच रंगाची रंगवू नका. फुटकी बदललेली असतात, चार-पाच ताजी लाल दाखवा.

आता माड. सगळ्यांचा माड बुटका होतो. पूर्ण वाढलेला माड १६ मीटर धरला तर एनमध्ये १० सेंटिमीटर, एचओत १८. तुमच्या दुमजली घराच्या दुपटीहूनही उंच. चार-पाच तारा पिळून खोड करा, वर कागदी मास्किंग टेप गुंडाळा. खोड आधी थोडं कलतं आणि मग सरळ वर जातं, ते वळण तारेला द्या. झावळीसाठी हिरव्या कागदाची तीन सेंटिमीटरची पट्टी मधोमध दुमडा, आत केसासारखी तार चिकटवा, कडांना तिरके बारीक काप द्या, वाकवा. एका माडाला पंधराएक झावळ्या लागतात. खालच्या दोन-तीन तपकिरी आणि खोडाला लोंबणाऱ्या. पोफळ मात्र काठीसारखी सरळ, आणि ती एकटी कधी दिसत नाही. कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, दाखवायचं तर पोफळी दाट लावा, मध्ये केळी, खाली सावलीचा गडद रंग.

एक लक्षात ठेवा: माड वस्तीजवळ. घाटाच्या चढावर माड लावलात तर कुळ्याचा माणूस हसेल. तिथे गर्द मिश्र जंगल, काथ्या किंवा स्पंजचे बारीक तुकडे चार-पाच वेगवेगळ्या हिरव्यांत बुडवून, खाली गडद आणि वर फिकट.

पावसाळ्यात लेआउटवर प्लॅस्टिकचा ताव टाकू नका, आत पाणी धरतं. जुनी सुती चादर टाका. रोज दहा-पंधरा मिनिटं गाडी चालली की रूळ आणि चाकं दोन्ही साफ राहतात. पुसायला औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, खिडकी उघडी ठेवून. पॉलिश पेपर कधीच नको, त्याच्या ओरखड्यांत मळ पक्का बसतो.

बँकर लावताना

मागून ढकललेली गाडी वळणावर घसरते, डबे हलके असतील तर हमखास. आधी वजन बघा. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या, म्हणजे एनएमआरएच्या, शिफारशीप्रमाणे एनमध्ये अर्धा औंस अधिक लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस हवं. म्हणजे एलएचबी डब्याचं वजन ३९ ग्रॅमच्या आसपास, बॉक्सएनचं २५. कमी असेल तर तळाला शिशाची पट्टी किंवा नट चिकटवा. वजन खाली राहिलं पाहिजे, छताजवळ नाही.

मग दोन इंजिनांचा वेग जुळवा. दोन्ही रिकामी एकामागे एक चालवा, मध्ये हातभर अंतर ठेवून. मागचं पुढच्याला गाठत असेल तर त्याच्या डिकोडरमधलं सीव्ही ५ (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग), म्हणजे कमाल वेग, थोडं खाली आणा. सुरुवातीच्या धक्क्यासाठी सीव्ही २, मधल्या वेगासाठी सीव्ही ६. जुळली की दोघांना सीव्ही १९ मध्ये एकच जोडक्रमांक द्या, म्हणजे एकाच हुकमावर दोन्ही चालतील. मागचं इंजिन उलट तोंडाने जोडलं असेल तर त्याच्या क्रमांकात १२८ मिळवा, नाहीतर दोघं एकमेकांविरुद्ध ओढतील.

पहिल्या दिवशी चार वॅगन लावा. चढावर मागचं इंजिन किंचित कमी जोर लावत असेल तर उत्तम. कप्लिंग ताणलेली राहतात आणि वॅगन वळणावर बाहेर फेकल्या जात नाहीत. चार सुखरूप वर गेल्या की पाचवी जोडा.